काय आणि काई

आमच्या घरात जेवण झालं तरी हात धुवायला उठता येत नसे, कारण तात्पर्य राहिलेलं असे. आप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेत मराठी शिकवायचे, आणि शाळा सुटली तरी त्यांची शाळा सुटत नसे. रात्रीच्या ताटावर प्रत्येकानं दिवसभरातलं काहीतरी सांगायचं असा घरचा नियम होता. सांगून झालं की आप्पा भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून विचारायचे, "मग तात्पर्य काय?" मी एकदा सांगितलं की शाळेच्या फाटकाशी एका गायीनं माझ्या मैत्रिणीचा डबा फडक्यासकट चावला. तात्पर्य म्हणून मी म्हटलं, डबा झाकून ठेवावा. "डबा झाकलेलाच होता," आप्पा म्हणाले, "फडक्यासकट म्हणालीस तू." मग मी म्हटलं, गायीचा काही नेम नाही. हे त्यांना पटलं आणि मला उठायला मिळालं. बोटांवर आमटी वाळून गेली होती.

अव्वा, म्हणजे आई, मंद्रूपची. तिच्या माहेरी सगळं बोलणं कन्नडमध्ये, आणि लग्नानंतर आप्पांच्या हुकमानं मराठीत. मुलांच्या कानावर एक तरी भाषा शुद्ध पडावी असं आप्पांचं म्हणणं होतं, त्यामुळे अव्वा आमच्याशी मराठी बोलायची, शेजारणींशी कन्नड, आणि भांड्यांशी दोन्ही. तिच्या सांगण्याला तात्पर्य नसायचं. ती लसूण आणायला मंगळवार बाजारात गेली की गोष्ट लसणापासून निघायची, वाटेत कुणाच्या तरी नणंदेचा मोतीबिंदू लागायचा, मग त्या नणंदेच्या दिराची म्हैस, म्हशीवरून एक जुना अपमान, आणि मग एकदम थांबून ती म्हणायची, "तर असं." आप्पा विचारायचे, "तात्पर्य?" ती म्हणायची, "लसूण मिळाला न्हाई."

आप्पांना याचा खराखुरा त्रास व्हायचा. गोष्टीला एक मध्यवर्ती कल्पना असते आणि तिच्यात न बसणारं जे जे असेल ते निर्दयपणे काढून टाकायचं असतं, हे ते वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आले होते आणि त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात ते कुणी मानत नव्हतं. "कढीत भजी कितीही टाका," ते सांगायचे, "पण कढी एक असली पाहिजे." अव्वा म्हणायची, "लोक भजीच शोधतेत की कढीत." यावर आप्पा हात धुवायला उठायचे आणि तेवढ्यात आम्हीही उठून घ्यायचो.

गल्लीत दोन्ही अंगांना तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचे माग होते. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की मागांची खटखट सुरू व्हायची ती रात्री दिवे जाईपर्यंत. वीज गेली आणि एकदम शांत झालं की पाळण्यातली पोरं दचकून रडायला लागायची. त्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय लागल्यामुळे आमच्या घरात हळू बोलणं कुणाला येत नाही. अजूनही मी फोनवर बोलायला लागले की सून दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. ती मिलोची वर्षं होती. रेशनवर परदेशची तांबडी ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात बसायची. अव्वा शेंगाची चटणी तिखट करायची, म्हणजे भाकरीकडे लक्ष जाऊ नये. उखळात चटणी कुटली जात असली की मागांच्या खटखटीत ती धपधप मिसळायची. ते दोन आवाज एकत्र आले की मला आजही भूक लागते.

अक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. नाव महानंदा, पण घरात अक्काच. तिला तात्पर्याचा त्रास नव्हता, कारण ती काही सांगतच नसे. "आज काय झालं?" असं आप्पांनी विचारलं की म्हणायची, "विशेष काही नाही," आणि सगळ्यांच्या आधी उठून जायची. मला तिचा हेवा वाटायचा. मॅट्रिक झाली आणि मंद्रूपच्या मामानं मैंदर्गीचं स्थळ आणलं. घरची शेती, पेठेत भुसार मालाचं दुकान, मुलगा बसवराज एकुलता एक, सासू जरा बोलकी. "बोलकी म्हणजे?" अव्वानं विचारलं. "म्हंजे बोलती," मामा म्हणाला. लग्न झालं.

आता ती नारळाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अक्का लग्नाहून मैंदर्गीला पोचली, उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत गेली, देवापुढे बसवली. माणसांनी घर भरलेलं. पाठराखीण म्हणून गेलेली आमची म्हातारी मावशी बसच्या धक्क्यांनी दमून शेजारच्या खोलीत आडवी झाली होती. सासूनं देवापुढे हात केला आणि सुनेला म्हणाली, "काई कोडु." कोडु म्हणजे दे, हे अक्काला कळत होतं. भाजीपाल्याला कायपल्या म्हणतात हेही ठाऊक होतं. पण नुसतं काई म्हणजे नारळ हे तिच्या कानावरून कधी गेलं नव्हतं, कारण आमच्या घरात नारळाला नारळ म्हणण्याचा आप्पांचा हुकूम होता. काहीतरी द्यायचं एवढं तिला समजलं. काय द्यायचं तेच समजेना. म्हणून तिनं अदबीनं विचारलं, "काय?" सासू म्हणाली, "हां, काई." अक्का म्हणाली, "काय?" सासू म्हणाली, "काई, काई." असं बराच वेळ चाललं. शेवटी घरभर हशा पिकला, आणि कुणीतरी मध्ये पडून नारळ देवापुढे ठेवला.

ही गोष्ट अक्काच्या आधी आमच्या घरी आली. मैंदर्गीच्या एका पाहुण्यानं ती एसटी स्टँडवर मामाला सांगितली, मामानं आम्हाला. आम्ही हसलो. अव्वा तर पदर तोंडाला लावून हसली. आप्पांनी दुसऱ्या दिवशी ती वर्गात सांगितली, शब्द एक आणि अर्थ दोन असले की काय गंमत होते त्याचं उदाहरण म्हणून. नंतर पंचमीला अक्का जावयासह माहेरी आली तेव्हा बसवराजनं बाजेवर बसल्या बसल्या हाक मारली, "काई, पाणी आण." आम्ही एकमेकांकडे बघितलं. अव्वा नंतर माझ्या कानात म्हणाली, "लाडानं म्हणतो बघ." अक्कानं पाणी आणून दिलं. चेहऱ्यावर विशेष काही नव्हतं.

पुढे एका दुपारी ती एकटीच आली. मी शाळेतून आले तर दारात एक कापडी पिशवी आणि अक्का मोरीवर पाय धूत होती. अव्वानं विचारलं, "कोण आलं सोडायला?" अक्का म्हणाली, "कुणी न्हाई." मग तिनं मिलोची दीड भाकरी चटणीबरोबर खाल्ली, आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत झोपली. उठल्यावर तिनं उखळ पुढे ओढलं आणि शेंगा कुटायला घेतल्या. आप्पा शाळेतून आले, तिला बघितलं, टोपी खुंटीला अडकवली, बाजेवर बसले आणि म्हणाले, "काय झालं?" अक्का म्हणाली, "मला परत तितं जायचं न्हाई." आप्पा म्हणाले, "तिथं." ती म्हणाली, "तिथं जायचं नाही." आप्पांनी विचारलं, "कारण?" ती बराच वेळ कुटत राहिली. मग म्हणाली, "कारण असं एक नाही." आप्पांच्या कपाळाला आठी पडली. कारण एक नाही म्हणजे कारणच नाही, अशी त्यांची शिस्त होती.

दोन दिवसांनी मामा मंद्रूपहून आला. पिशवीत वांगी होती, ती त्यानं अव्वाकडे दिली आणि बसकण मारली. "दाजी, लई वाईट झालं बघा," तो म्हणाला. "मी मैंदर्गीवरनंच आलोय. पोरगी नुसती आली असती तर काय नव्हतं. आमीच बोलावली म्हनून सांगितलं असतं. पन सासूच्या तोंडावर, उंबऱ्यावर हुबं राहून 'होगतीनि' म्हनाली की."

अव्वानं हातातलं वांगं खाली ठेवलं. आमच्याकडे निघताना कुणी जाते म्हणत नाही, येते म्हणतात. कन्नडमध्येही तसंच आहे. होगि बरतीनि म्हणायचं, जाऊन येते. नुसतं होगतीनि म्हणजे चालले. तान्ही पोरं बोलायला लागली की त्यांनाही आधी हेच शिकवतात. नव्या सुनेनं भरल्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहून चालले म्हणायचं, म्हणजे दार आपणच ओढून घ्यायचं.

"सासू म्हनती," मामा पुढे म्हणाला, "पंच बसू द्या. शब्द माघारी घेतला तर न्यावं. न्हाईतर मोकळं करावं. आनि मोकळं केलं तर हिचंबी जमायचं न्हाय कुटं." हिचं म्हणजे माझं. मी वांग्याकडे बघत उभी होते. माझं जमावं असं तेव्हा मला काही विशेष वाटत नव्हतं, पण जमणार नाही हे ऐकून वाईट वाटलं.

आप्पा एकदम ताठ बसले. "सापडली," ते म्हणाले.

"काय सापडलं?" मामा म्हणाला.

"मध्यवर्ती कल्पना."

आणि मग त्यांनी ती उलगडून सांगितली. पोरगी मराठीत वाढलेली. कन्नड कच्चं. पहिल्या दिवशी काय आणि काई यांत घोळ झाला. शेवटच्या दिवशी होगतीनि आणि होगि बरतीनि यांत घोळ झाला. मनात येते होतं, तोंडातून जाते आलं. भांडण नाही, राग नाही, कुणाचा दोष नाही. दोष असलाच तर तो बापाचा, ज्यानं पोरीला कन्नड शिकू दिलं नाही, आणि तो दोष बाप भर बैठकीत पदरात घेईल. मामा तोंड उघडं टाकून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "दाजी, हे लई बेस बसतंय की." खरंच बसत होतं. सुरुवात, शेवट, दोन्हीकडे शब्दांचा गोंधळ, मधे सगळं आलबेल. कुणाचंही नाक कापलं जात नव्हतं. मला वाटतं आप्पांनी त्यांच्या आयुष्यात याहून नेटकी गोष्ट रचली नाही.

पुढचा आठवडा त्या गोष्टीची तालीम चालली. बैठकीत कोण काय बोलेल याचा नेम नसतो, म्हणून आप्पांनी प्रत्येकाकडून आपापली हकीकत सांगून घेतली आणि तिची काटछाट केली. अव्वाला मैंदर्गीच्या आडाचा रहाट करकरतो हे सांगायचं होतं, सासूच्या गुडघ्यांचं सांगायचं होतं, आणि पंचमीला आली तेव्हा पोरीचा चेहरा उतरला होता हे तर सांगायचंच होतं. "रहाट काढ," आप्पा म्हणाले. "गुडघे काढ. चेहऱ्याचा इथे संबंध काय?" मामाला, ज्या गाडीतून तो मैंदर्गीला गेला तिच्या बैलाबद्दल बोलायचं होतं. बैल गेला. मग आप्पा बाजेवर उभं राहून सगळं सलग म्हणून दाखवायचे, मागांच्या खटखटीवर आवाज चढवून, आणि अक्का खाली उखळापाशी बसलेली असायची. त्या आठवड्यात आमच्याकडे शेंगाची चटणी इतकी झाली की शेजारच्या पद्मशालींकडे, पलीकडे मोमीनांकडे, सगळीकडे वाटली तरी संपेना. एकदा आप्पांनी थांबून विचारलं, "अक्का, तुला यात काही घालायचं आहे का?" ती म्हणाली, "तुमची गोष्ट चांगली आहे, आप्पा." ते खूश झाले. आज मला वाटतं, ती काय म्हणाली ते त्या घरात कुणालाच ऐकू आलं नाही. मागांचा आवाजही होताच.

बैठक सोमवारी आमच्याच घरी बसली. अव्वानं गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, केली, कारण पंचांना आणि व्याह्यांना उपाशी लावून देता येत नाही, निकाल काहीही लागो. पंच म्हणून कल्याणअण्णा आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं तेलाचं दुकान होतं आणि आमच्या समाजातली बहुतेक भांडणं त्यांच्यापुढेच मिटायची. डोळे मिटून ऐकायची त्यांना सवय होती, त्यामुळे ऐकतात की झोपलेत हे भांडणाऱ्यांना कळत नसे आणि ते जपून बोलत. मैंदर्गीहून सासू, सासरे आणि बसवराज आले. सासू गोरीपान, ठसठशीत, हातभर हिरव्या बांगड्या. मी आणि अक्का स्वयंपाकघरात दाराआड, आणि अव्वा मधल्या चौकटीत, म्हणजे दोन्हीकडे.

आप्पांनी गोष्ट सांगितली. मी ती तोवर तोंडपाठ केली होती, तरी ऐकत राहावंसं वाटलं. काय आणि काईचा प्रसंग आला तेव्हा सासू खळखळून हसली आणि डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "मी सांगू का तो, मी चांगला सांगतो," आणि तिनं तो पुन्हा सांगितला, हातवारे करून, अक्काचा बावरलेला आवाज काढून. खरंच चांगला सांगितला. सासरे हसले, बसवराज हसला, मामा हसला, आणि कल्याणअण्णांचं पोट हललं, त्यावरून ते जागे आहेत हे कळलं. मग आप्पांनी होगतीनिवर आणून गोष्ट अलगद खाली ठेवली. म्हणाले, "दोष माझा आहे. मुलीला मी एकच भाषा दिली." बैठक हळवी झाली. सासू म्हणाली, "न्हाई हो मास्तर, चुकतंय की पोरगं. आमी काय राक्षस हाय का?"

कल्याणअण्णांनी डोळे उघडले. "मग इषय मिटला," ते म्हणाले. "पोरीला बोलवा. आपल्या तोंडानं एकदा होगि बरतीनि म्हनू दे, सासूच्या पाया पडू दे, आनि मग पंगत बसू दे."

"काई," सासूनं इकडे ये म्हणून आत हाक मारली, "इत्त बा."

अक्कानं माझ्या हातात डाव दिला, पदर खोचलेला होता तो सोडून नीट केला आणि बाहेर गेली. मी चौकटीत अव्वाच्या काखेखालून बघत होते. तिनं कल्याणअण्णांना नमस्कार केला. मग सासूपुढे जाऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटलं आता वाकेल. ती वाकली नाही. म्हणाली, "अत्ती, नन्न हेसरु एनु?"

सासूबाई, माझं नाव काय, असं तिनं विचारलं होतं. सासू हसली. "काई," म्हणाली.

"लग्नात ठेवलेलं," अक्का म्हणाली. "तांदळात लिहिलेलं."

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहितात, पेढे वाटतात. सासू थांबली. "पार्वती की," ती म्हणाली. सासरे, जे तोवर एक शब्द बोलले नव्हते, ते घसा खाकरून म्हणाले, "गिरिजा." सासू म्हणाली, "पार्वती." सासरे म्हणाले, "गिरिजा. मीच सांगितलं होतं भटजीला." दोघांनी बसवराजकडे बघितलं. बसवराज आढ्याकडे बघत होता.

"अर्थ एकच," आप्पा घाईनं म्हणाले. "समानार्थी आहेत."

अक्का त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही. ती कल्याणअण्णांशी बोलायला लागली, आणि कन्नडमध्ये बोलली. मला सगळं कळलं नाही, पण ते कन्नड कच्चं नव्हतं, एवढं मलाही कळलं. मैंदर्गीच्या बाया आडावर बोलतात तसं, उतारावरून गाडी जावी तसं होतं. आप्पांना तर त्यातलं फारच थोडं कळत होतं. अव्वा चौकटीतून एकेक वाक्य हलक्या आवाजात मराठीत करून सांगत होती. बहुतेक तिचं तिलाच सांगत होती.

"म्हणती, मला दोन्ही म्हणता येतंय. होगतीनि येतंय, होगि बरतीनि येतंय. मी होगतीनि म्हणाले. मला जायचंच होतं."

कल्याणअण्णांनी विचारलं, कुणी मारलं का? नाही. उपाशी ठेवलं? नाही, जेवण चांगलं होतं, वरून तूप वाढायचे. नवरा वाईट चालीचा आहे? नाही. मग काय?

इथे अक्का मराठीत आली. मला वाटतं ती आप्पांसाठी आली. "रोज दुकान बंद झालं की कुणी ना कुणी यायचं," ती म्हणाली. "मी चहा घेऊन जायची. मग ही काईची गोष्ट सांगायचे. संपेपर्यंत मी ताट धरून उभी राहायची, कारण कप न्यायचे असायचे. सगळे हसले की मी आत जायची."

"एवढंच?" कल्याणअण्णा म्हणाले.

"एवढंच," अक्का म्हणाली. "आधी अत्ती सांगायच्या. मग मामंजी सांगायला लागले. मग हे."

बसवराज म्हणाला, "गंमत होती की ती." त्याला खरंच वाटत होतं ते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला तेव्हा त्याचा फार राग आला. आता तितका येत नाही, पण येतो.

कल्याणअण्णांनी आप्पांकडे मान वळवली. "मास्तर," ते म्हणाले, "तुमी तर भाषेचा घोळ म्हनालात. पोरीला तर फर्मास येतंय. आता तुमीच सांगा. बाप म्हनून तुमचा शब्द मी धरतो. न्यायची का न्हाई?"

आप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं. माझं जमण्याचा हिशेब त्यांच्या डोळ्यापुढे होता हे मला कळलं, आणि मी उगाच डाव पाठीमागे लपवला. त्यांची गोष्ट अजूनही वाचवता आली असती. पोरगी रागात आहे, दोन महिन्यांत निवळेल, असं एक वाक्य पुरे होतं. मामानं तर ते ओठांवर आणलंही होतं.

"माझी गोष्ट नीट होती," आप्पा शेवटी म्हणाले. "पण ती हिची नव्हती. ही नाही म्हणते, तर नाही."

"दाजी, धाकटी हाय तुमाला," मामा म्हणाला.

"आहे," आप्पा म्हणाले. "तिलाही कुणी नारळ म्हणणार असेल तर तिचंही नको."

कल्याणअण्णा म्हणाले, "पानं वाढा." पंगत बसली. हुग्गी सगळ्यांनी खाल्ली, सासूनं दोनदा घेतली, आणि जाताना उंबऱ्यावर सवयीनं म्हणाली, "बरतीनि." अव्वाही सवयीनं म्हणाली, "या." त्यानंतर ती माणसं आम्हाला कधी भेटली नाहीत. सोडचिठ्ठीचं मामानं बघितलं. माझं जमायला पुढे अडचण आलीच, मामा खोटं बोलला नव्हता, पण जमलं, आणि बरं जमलं. अक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. मराठी, कन्नड, हिंदी, शेजारची तेलुगू, सगळ्या भाषांत तिनं लोकांना एकमेकांशी जोडून दिलं आणि निवृत्त झाली. लग्न पुन्हा केलं नाही. विचारलं तर म्हणायची, विशेष काही कारण नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच सोमवारच्या संध्याकाळचं. पाहुणे गेले, मामा शेवटच्या बसनं मंद्रूपला गेला. अव्वा मोरीवर पातेली घासत होती. आप्पा बाजेवर बसले होते, टोपी अजून डोक्यावरच होती. त्यांनी अक्काला समोर बसवलं आणि म्हणाले, "आता सांग. पहिल्यापासून. लांबलं तरी लांबू दे."

अक्कानं सांगायला सुरुवात केली. मी तिला एका दमात इतकं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. ती अव्वासारखी सांगत होती, हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. रहाट आला, त्याचा करकर आवाज आला, सासूचे गुडघे आले, रात्री तिनं ते कसे चोळून दिले आणि सासू तेव्हा कशी चांगली वागायची ते आलं. दुकानातल्या उंदरांचं आलं. एका चुलत नणंदेचं आलं, जिनं तिला आडावर कन्नड शिकवलं. आप्पा ऐकत होते. मधे कुठेही त्यांनी हे काढ, ते काढ म्हटलं नाही. अव्वानं पातेलं घासायचं थांबवलं होतं.

मग ती पहिल्या दिवसावर आली. माप ओलांडलं, देवापुढे बसले, म्हणाली. पायाला मुंग्या आल्या होत्या. अत्ती म्हणाल्या, काई कोडु. मी म्हटलं, काय. ती तिथे थांबली. आम्हाला पुढचं पाठ होतं. कुणी हसलं नाही.

"निघताना अव्वानं ओटी भरली होती की," अक्का म्हणाली. "नारळ माझ्या ओटीतच होता, आप्पा. तितं बसलेल्या सगळ्यांना दिसत होता. कुणी नुसतं बोट दाखवलं असतं तरी झालं असतं."